बाळाचं लसीकरण कार्ड का जपायचं?

मंद्रूपच्या वस्तीत आम्ही घरोघर फिरतो तेव्हा आया विचारतात, "ताई, रोटाचे डोस दिले तरी बाळाला जुलाब झालेच. मग लसीचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे.

जुलाब अनेक जंतूंमुळे होतात. ही लस त्यातल्या एकाच, रोटा विषाणूवर चालते. बाळाला दाखल करावं लागतं असे गंभीर जुलाब टाळणं हे तिचं मुख्य काम.

ती किती राखण करते, हे मोजलेलं आहे. आपल्या देशी लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर झाली. काहींना लस दिली, काहींना तसंच दिसणारं पण लस नसलेलं औषध. २०१४ साली निकाल छापून आला: पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब ५६ टक्क्यांनी कमी.

२०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. नंतरची मोजणी रुग्णालयांत झाली. जुलाबाने आजारी बाळांची शी तपासायची, रोटा निघालेली आणि न निघालेली बाळं वेगळी काढायची आणि दोघांची लसीकरण कार्डं ताडून पाहायची. उत्तर आलं ५४ टक्के.

श्रीमंत देशांत हाच आकडा ८५-९० च्या आसपास असतो. कुपोषण आणि पोटातले इतर जंतू यांमुळे आपल्याकडे लस कमी चालते, असं तज्ज्ञ मानतात. म्हणून ती कुचकामी आहे का? हिशेब करू. समजा, आपल्याकडे हजारातली ५० बाळं गंभीर आजारी पडतात. ५४ टक्क्यांनी २७ वाचली. तिकडे हजारात १० च पडतात. ९० टक्क्यांनी ९ वाचली. टक्के कमी, पण वाचलेली लेकरं आपलीच जास्त.

तेव्हा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस द्या. ते मोफत आहेत. तरीही जुलाब लागले तर ओआरएस पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताईंना भेटा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, तर लगेच दवाखाना गाठा. स्वच्छ पाण्यासाठी ग्रामसभेत उभं राहून बोला.

आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाजवळ ठेवा. कार्ड हरवलं तर पुढचा डोस चुकतो आणि आपल्या वस्तीचं लेकरू या मोजणीतूनही सुटतं.