‘क्विट’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेंत कांहीं शब्द दिसावयास लहान, परंतु वापरावयास कठीण असे आहेत. ‘क्विट’ हें क्रियापद त्यांपैकींच एक होय. अक्षरें अवघीं चार : क्यू, यू, आय आणि टी. शाळेंतील एखाद्या मुलास त्याचा अर्थ विचारला, तर तो तत्काळ ‘सोडणें’ असें उत्तर देईल. आणि तें उत्तर चुकीचें आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु तोच मुलगा पुढच्या घटकेस एकादशीचा उपास सोडल्याचें वर्णन करूं लागला, म्हणजे ‘आय क्विट माय फास्ट’ असें लिहून मोकळा होतो. उपास सोडणें म्हणजे तो यथासांग पुरा करून पारणें करणें. त्यास इंग्रजींत ‘ब्रेक’ हें क्रियापद लागतें. ‘क्विट’ म्हटलें, तर उपास अर्ध्यावर टाकून दिला असा जवळजवळ उलट अर्थ होईल. पुण्य जोडावयास निघालेल्या मुलाच्या पदरीं व्रतभंगाचा दोष यावयाचा!

या घोटाळ्याचें मूळ आपल्या ‘सोडणें’ या शब्दाच्या औदार्यांत आहे. मराठी माणूस गांव सोडतो, नोकरी सोडतो, व्यसन सोडतो, हक्क सोडतो. तोच माणूस गोठ्यांतील गाय सोडतो, मळ्याला पाणी सोडतो, आणि गर्दी फार असली तर आलेली गाडीहि सोडून देतो. मराठीनें एकाच शब्दावर हा सर्व भार टाकला; इंग्रजीनें त्याची वांटणी केली आहे. गाय सोडणें, पाणी सोडणें, गाडी सोडणें यांस ‘क्विट’ मुळींच चालत नाहीं. गांव, नोकरी, व्यसन आणि हक्क या चौघांस मात्र तें चालतें. या चौघांत समान असें काय आहे, हें पाहिलें म्हणजे शब्दाचें मर्म हातीं लागतें. सोडणाऱ्याचा ज्या वस्तूशीं कांहीं बंध होता, तिच्यावर त्याचा ताबा होता किंवा तिचा त्याच्यावर ताबा होता, तो बंध तोडून मोकळें होणें, हा ‘क्विट’चा गाभा आहे.

शब्दाचें कुळ पाहिलें तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. स्वस्थ, निवांत अशा अर्थाचा ‘क्विएटस’ हा लॅटिन शब्द फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आला आणि तेथें त्याचीं तीन भावंडें झालीं. एक ‘क्वायट’, म्हणजे शांत. दुसरें ‘क्वाइट’, म्हणजे अगदीं, पुरतेपणीं. आणि तिसरें आपलें ‘क्विट’. भावंडें एकमेकांसारखीं दिसतात, म्हणून लिहिणाऱ्यांची नेहमीं फसगत होते. त्यांना ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘ई’ हें अक्षर ‘टी’च्या आधीं आलें, तर शब्दाचे दोन तुकडे ऐकूं येतात : क्वा-यट. तें ‘टी’च्या नंतर आलें, तर स्वतः मुकें राहतें व शेजारच्या ‘आय’चा उच्चार लांबवितें : क्वाइट. तें मुळींच नसलें, तर ऱ्हस्व उच्चाराचें ‘क्विट’ उरतें.

निवांतपणाचा सोडण्याशीं संबंध कसा आला, असा प्रश्न येथें कोणासहि पडेल. त्याचें उत्तर कर्जदारास विचारावें. ज्याचें देणें फिटलें, तो निवांत झाला. देणें फिटल्यावर सावकाराकडून जो मोकळीकीचा लेख लिहून घेत, त्यास मराठींत ‘फारखत’ म्हणत. ‘क्विट’चा जुना अर्थ हाच : देण्यांतून, बंधनांतून मोकळा झालेला. आरोपांतून मोकळें करणें तें ‘अक्विट’. दोघांचें एकमेकांस कांहीं देणें उरलें नाहीं, म्हणजे इंग्रज ‘वुई आर क्विट्स’ असें म्हणतो. तेंच आपल्या बायकामुलांच्या बोलण्यांत ‘फिटंफाट झाली’ असें येतें. जुन्या मुंबई इलाख्यांतील इनाम जमिनींवर पुऱ्या साऱ्याऐवजीं जी हलकी रक्कम सरकार घेत असे, तिला मराठी दप्तरांत ‘जुडी’ हें नांव होतें आणि इंग्रजी कागदांत ‘क्विट रेंट’. ती भरली म्हणजे इनामदार बाकीच्या देण्यांतून मोकळा, असा त्या नांवाचा भाव आहे. खेड्यांतील ज्या म्हाताऱ्यास इंग्रजीचें एक अक्षर येत नसे, त्यालाहि जुडीची पावती ठाऊक होती. म्हणजे वस्तु घरांत होती, तिचें इंग्रजी नांव तेवढें परकें होतें.

कायद्याच्या भाषेंत हा शब्द आजहि जिवंत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत भाडेपट्टा संपण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत ‘नोटीस टु क्विट’ ही एक आहे. मालकानें भाडेकऱ्यास दिलेली, ताबा सोडून जागा परत करण्याची, ही सूचना होय. अशी नोटीस हातीं पडली असतां दोन चुका टाळाव्या. तींतील शब्द ‘क्वायट’ नसून ‘क्विट’ आहे. तेव्हां ती ‘शांत राहा’ असें सांगत नाहीं. त्याचप्रमाणें ती नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तेव्हां ती वाचून त्याच रात्रीं बिछाने बांधावयाचेंहि कारण नाहीं. या शब्दयोजनेंत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें ध्यानांत ठेवावी. ‘क्विट’ असें सांगणारा मालक असतो आणि ज्याला सांगावयाचें, त्याचा ताबा मुदतीचा असतो.

आतां ‘लीव्ह’ आणि ‘क्विट’ यांतील भेद पाहूं. ‘लीव्ह’ हा सौम्य व व्यापक शब्द आहे. सकाळीं घर सोडून संध्याकाळीं परत येणारा मनुष्य घर ‘लीव्ह’ करतो, ‘क्विट’ करीत नाहीं. बिऱ्हाड हलवून, किल्ली मालकाच्या हातीं देऊन जो गेला, त्यानें घर ‘क्विट’ केलें असें म्हणतां येईल. ‘लीव्ह’चीहि एक गंमत आहे. ‘ही लेफ्ट नगर’ म्हणजे तो नगरहून निघाला. ‘ही लेफ्ट फॉर नगर’ म्हणजे तो नगरला जावयास निघाला. मराठींत जें काम ‘हून’ आणि ‘ला’ हे प्रत्यय करतात, तें येथें एकटें ‘फॉर’ करतें. तें गळालें, तर प्रवासाची दिशाच उलटते आणि पाहुण्यास उतरून घ्यावयास गेलेला यजमान स्टेशनावर ताटकळत बसतो. चार दिवसांची रजा मागावयाची असतां एखादा कारकून साहेबास ‘आय ॲम लीव्हिंग द ऑफिस फ्रॉम टुमॉरो’ असें लिहून देईल, तर रजेऐवजीं त्याचा राजीनामाच मंजूर व्हावयाचा! आणि राजीनामाच द्यावयाचा असेल, तर त्यासाठीं ‘रिझाइन’ हा शब्द आहे. अर्जांत ‘आय क्विट’ लिहिणें म्हणजे टेबलावर लेखणी आपटून चालतें होण्यासारखें आहे.

व्याकरणाचे नियम तीन आहेत. पहिला असा कीं, ‘क्विट’ला कर्म सरळ जोडावें, मध्यें ‘फ्रॉम’ घालूं नये. ‘ही क्विट द सर्व्हिस’ हें शुद्ध, ‘ही क्विट फ्रॉम द सर्व्हिस’ हें अशुद्ध. दुसरा असा कीं, एखादी क्रिया सोडावयाची असेल, तर क्रियापदास ‘इंग’ हा प्रत्यय लागतो. तंबाखू ओढणें सोडलें, तर ‘क्विट स्मोकिंग’ म्हणावें, ‘क्विट टु स्मोक’ म्हणूं नये. तिसरा नियम भूतकाळाचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘क्विटेड’ असें रूप आढळतें व तें अशुद्ध नाहीं. तथापि आजचा प्रघात ‘पुट’ आणि ‘कट’ यांप्रमाणें भूतकाळींहि ‘क्विट’ असेंच ठेवण्याचा आहे.

एवढ्याशा क्रियापदाची इतकी चिकित्सा कशाला, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर १९४२ सालच्या इतिहासांत आहे. त्या वर्षीं एका राष्ट्राची सारी मागणी या चार अक्षरांत मावली. घोषणेसाठीं शब्द निवडतांना मुंबईस झालेल्या विचारविनिमयाची एक आठवण शांतिकुमार मोरारजी यांच्या नांवें सांगितली जाते. कोणीं ‘गेट आउट’ सुचविलें. तें असभ्य म्हणून गांधीजींनीं नाकारलें. राजगोपालाचारींनीं ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ असे शब्द पुढें केले; तेहि पसंत पडले नाहींत. त्यानंतर युसुफ मेहेरअलींनीं ‘क्विट इंडिया’ ही अक्षरें कोरलेलें एक धनुष्य गांधीजींस भेट दिलें आणि तो शब्द मान्य झाला. १९२८ सालच्या ‘सायमन गो बॅक’ या घोषणेचें जनकत्वहि मेहेरअलींकडेच देतात.

या निवडींतील विवेक भाषेच्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. ‘गो बॅक’ हें एका मंडळास म्हणणें योग्य होतें. तें आलें होतें, त्यानें परत जावें. ‘गेट आउट’ हें चाकरास किंवा चोरास म्हणावयाचें. ‘विथड्रॉ’ला ‘फ्रॉम’ जोडल्यावांचून भागत नाहीं. नुसतें ‘विथड्रॉ इंडिया’ म्हटलें, तर हिंदुस्थानच मागें घ्या असा भलताच अर्थ निघतो. ‘क्विट’ मात्र सरळ कर्म घेतें, शिवीगाळ करीत नाहीं, आणि ‘नोटीस टु क्विट’मधील सारा अर्थ बरोबर आणतें : घर आमचें आहे, तुमचा ताबा मुदतीचा होता, ती मुदत संपली आहे.

मराठींत या घोषणेचें ‘चले जाव’ असें रूप झालें. तें जिभेवर सहज बसतें व सभेंत दणाणतें, यांत शंका नाहीं. परंतु त्यांत ताब्याचा अर्थ गळून केवळ जाण्याचा अर्थ उरला. त्या मानानें ‘भारत छोडो’ हें मूळास अधिक जवळचें आहे. हा भेद केवळ कोशांतला नव्हता. इंग्रज माणसांनीं जावें कीं इंग्रजी सत्तेनें जावें, हा प्रश्न त्यांत गुंतलेला होता. काँग्रेस कार्यकारिणीनें १४ जुलै १९४२ रोजीं वर्धा येथें केलेल्या ठरावांत याचा स्पष्ट खुलासा आहे. ब्रिटिश सत्ता जावी म्हणजे प्रत्येक इंग्रजानें देशाबाहेर जावें असें नव्हे. जे येथें घर करून, इतरांच्या बरोबरीचे नागरिक म्हणून राहतील, त्यांनीं तर जाण्याचें कारणच नाहीं, असा त्याचा आशय होता. ८ ऑगस्ट रोजीं मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर जो ठराव झाला, त्यांतहि मागणी होती ती सत्ता काढून घेण्याची.

दुसऱ्या दिवशीं पहांटे धरपकड झाली. गांधीजींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें ठेवण्यांत आलें आणि कार्यकारिणीचे सभासद नगरच्या भुईकोट किल्ल्यांत आले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, महाराष्ट्राचे शंकरराव देव अशी ती मंडळी होती. १९४४ सालीं नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच किल्ल्यांत लिहिला. ज्यांनीं दुसऱ्यास ताबा सोडण्यास सांगितलें, त्यांना किल्ल्याच्या दाराबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती.

या किल्ल्यानें ताबा सोडण्याचा प्रसंग पूर्वींहि पाहिला होता. १८०३ सालच्या ८ ऑगस्टला जनरल आर्थर वेलस्लीनें नगरची पेठ घेतली. आणि १२ ऑगस्टला दौलतराव शिंद्यांच्या किल्लेदारानें, शिबंदी व खाजगी चीजवस्त यांसह सुखरूप जाऊं द्यावें अशा अटीवर, किल्ला खाली करून दिला. किल्लेदारानें केवळ किल्ला ‘लीव्ह’ केला नाहीं. हक्क टाकून तो ‘क्विट’ केला. १९४२ च्या कैद्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर खटला चालला नाहीं, म्हणून १९४५ च्या जूनमध्यें त्यांची सुटका झाली तेव्हां इंग्रजींत ‘रिलीज’ हाच शब्द योग्य. ‘अक्विट’ म्हणतां येत नाहीं. जेथें आरोपाची सुनावणीच नाहीं, तेथें निर्दोष ठरविणार कोण?

वर्ध्याच्या ठरावानें केलेला भेद पुढें प्रत्यक्षांतहि उतरला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ब्रिटिश सत्तेनें हिंदुस्थानचा ताबा सोडला, तें ‘क्विट’. ब्रिटिश पलटणींतील शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियामधून बोटीवर चढली, तें ‘लीव्ह’. आणि माउंटबॅटन हे गृहस्थ स्वतंत्र हिंदुस्थानच्या विनंतीवरून जून १९४८ पर्यंत गव्हर्नर जनरल म्हणून येथेंच राहिले. सत्ता गेली होती. माणूस पाहुणा म्हणून राहिला होता. ‘क्विट’ या शब्दांत दोहोंसहि जागा होती.

अहमदनगर शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. किल्ला आपल्या खंदकासह जागच्या जागीं आहे. मुलांस घेऊन तो पाहावयास जाणाऱ्या आईबापांनीं त्यांना तेथें हें क्रियापद अवश्य शिकवावें. लिहितांना मनाशीं दोनच प्रश्न विचारावे : सोडावयाच्या वस्तूशीं बंध कसला होता, आणि तो बंध कायमचा तुटला काय? दोहोंचीं उत्तरें नीट मिळालीं, तर ‘क्विट’ लिहावें. न मिळालीं, तर ‘लीव्ह’वर भागवावें. आणि उपास सोडावयाचा असेल, तर ‘ब्रेक’ लिहून स्वस्थ चित्तानें पानावर बसावें.