पाय वाचवणाऱ्या सिस्टर

तळव्यावरचा घट्टा उतरवताना घाई चालत नाही. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हातातलं स्काल्पेल जवळजवळ आडवं ठेवायचं आणि पापुद्र्यामागून पापुद्रा काढत जायचं. वरचा पिवळट, कडक थर निघाला की खाली गुलाबी कातडी दिसते, नाहीतर काळसर ठिपका. हा ठिपका म्हणजे आत साकळलेलं रक्त. तो दिसला की हात आणखी हलका करायचा, कारण घट्ट्याखाली बहुधा जखम दडलेली असते.

हे पुस्तकात वाचता येतं, पण किती दाब द्यायचा हे कोणी शेजारी उभं राहून दाखवल्याशिवाय हाताला कळत नाही. मधुमेही पायाच्या जखमा हाताळायला शिकणाऱ्या सिस्टरांबरोबर मी काम करते. त्यांच्यात आपल्याकडच्या असतात, तशा नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशातूनही आलेल्या असतात.

या देवाणघेवाणीची पायवाट पाडणाऱ्यांत एक नागपूरचे डॉक्टर होते. २००४च्या सुमारास 'स्टेप बाय स्टेप' हा कार्यक्रम भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि टांझानियात सुरू झाला. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे, दार-ए-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास आणि नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर हे त्यामागचे प्रमुख लोक. त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. एका दवाखान्यातून एकटे डॉक्टर बोलवायचे नाहीत, डॉक्टर आणि सिस्टर अशी जोडी बोलवायची. दोघांना मूलभूत शिक्षण द्यायचं, पाय तपासण्याची आणि जखम साफ करण्याची उपकरणं देऊन परत पाठवायचं आणि वर्षभर काम केल्यावर पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा बोलवायचं. दुसऱ्या खेपेला आलेल्या माणसाकडे स्वतःचे रुग्ण असतात, अडलेल्या जागा असतात. त्यामुळे प्रश्नही नेमके येतात.

टेबलावर पहिला धडा असतो मोनोफिलामेंटचा. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा हा तंतू आधी रुग्णाच्या हाताला लावून दाखवायचा. मग त्याला डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठरावीक ठिकाणी काटकोनात टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. घट्ट्यावर लावायचा नाही. "मावशी, लागलं की सांगा हं," म्हणून आपण वाट पाहतो आणि मावशी गप्पच राहतात. तंतू वाकून सरळ झालेला असतो, त्यांना पत्ताच नसतो. शिकणाऱ्या सिस्टरांना रोगाची खरी ओळख तिथे होते. जो पाय दुखत नाही, त्याची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात येत नाही.

पुढचा धडा जखम वाचण्याचा. काळं म्हणजे मेलेलं, पिवळं म्हणजे बुळबुळीत मृत थर, आणि डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल म्हणजे भरून येणारं मांस. जखमेची लांबी-रुंदी मापून लिहायची. बोथट सळईने तळ अलगद तपासायचा. कडक हाड लागलं तर संसर्ग तिथवर गेल्याची शंका घ्यायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. लाल मांसावर रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं नाही. फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली, असं अनेकांना वाटतं, पण त्यात नव्या पेशीही मरतात.

खरी देवाणघेवाण मात्र रुग्णांच्या गोष्टी निघाल्या की होते. जमिनीवर झोपणाऱ्या, पायाची संवेदना गेलेल्या माणसाची बोटं रात्री उंदीर कुरतडतात. दार-ए-सलामच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची रीतसर नोंद केली आहे आणि आपल्या खेड्यांतल्या सिस्टरांनाही हे नवं नाही. श्रीलंकेची सिस्टर देवळाच्या तापलेल्या आवारात अनवाणी चालून भाजलेल्या तळव्यांबद्दल बोलते, तेव्हा आपल्याकडच्या सिस्टरला लगेच अनवाणी वारी करणारे रुग्ण आठवतात. थंड देशात लिहिलेल्या पुस्तकात या जखमा सापडणं कठीण.

शिवाय ज्ञान नेहमी पश्चिमेकडूनच आलेलं नाही. तळव्यावरचा भार काढून जखम भरवणारं प्लॅस्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, १९३०च्या दशकात भारतात आणि सिलोनमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरलं गेलं. वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात घेऊन गेले आणि तिथून ते मधुमेही पायांसाठी जगभर पोहोचलं. आज एखादी नेपाळी सिस्टर भारतात हे प्लॅस्टर शिकते, तेव्हा याच उपखंडातलं कसब पुन्हा इथल्याच हातांत येतं.

या सगळ्या मेहनतीवर पाणी कुठे पडतं, हेही मी पाहिलं आहे. प्रशिक्षण घेऊन परतलेली सिस्टर ड्युटी बदलताना प्रसूती कक्षात जाते, नाहीतर बालरोग विभागात. तिची उपकरणं कपाटात बंद होतात आणि ड्रेसिंगच्या खोलीत पुन्हा पट्टी बदलण्यापुरतंच काम उरतं. यात त्या सिस्टरचा दोष नाही आणि वेळापत्रक लावणाऱ्या मेट्रनचाही पूर्ण दोष नाही. माणसंच कमी आहेत. पण हे कसब रोज वापरलं तरच टिकतं.

म्हणून रुग्णालयांच्या अधीक्षकांना आणि मेट्रनना कळकळीची विनंती आहे. जखमांचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर निदान काही वर्षं त्याच टेबलावर राहू द्या. तिच्या हाताखाली शिकायला आणखी एक सिस्टर द्या. पायाची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस असली तरी चालेल, पण त्या दिवशी तिला दुसरीकडे पाठवू नका.