मुलांचं करिअर घडताना घरात काय चालतं

सीईटीचा निकाल लागतो, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ येते, आणि संगणकासमोर मुलगा एकटा नसतो. वडील शेजारी बसलेले असतात, मामा फोनवर असतो, कोणीतरी मागच्या वर्षीच्या कटऑफची यादी पाठवलेली असते. करिअरवरचा आई-वडिलांचा प्रभाव म्हटलं की हाच प्रसंग आठवतो. पण तो प्रभाव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो आणि कॉलेज संपेपर्यंत थांबत नाही. तो नेमका कुठून कसा काम करतो हे कळलं, तर घराघरांतले बरेच वाद होणारच नाहीत असं मला वाटतं.

सुरुवात होते ती मुलं काय पाहतात इथून. आई शिक्षिका आणि वडील शेतकरी असलेल्या मुलीला शाळा, तलाठी कार्यालय, बँक आणि दवाखाना इथली कामं ठाऊक असतात. भूजलाचा शोध घेणारी भूवैज्ञानिक किंवा कानांची तपासणी करणारी ऑडिओलॉजिस्ट तिने कधी पाहिलेलीच नसते. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं की ती पाहिलेल्या चार-पाच कामांतलंच एक सांगते, आणि आपण त्याला तिची आवड म्हणतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार गोष्टींतून येतो: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. धीर देण्यात आपण पालक कमी पडत नाही. आपल्यासारखं कोणी दाखवण्यात मात्र पडतो.

पुढचा भाग जरा नाजूक आहे. जेम्स मार्सिया यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन १९६६ मध्ये एक मांडणी केली. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या: या विद्यार्थ्याने वेगवेगळे पर्याय खरोखर चाचपडून पाहिले का, आणि त्याने काही पक्कं ठरवलं आहे का. त्यात एक गट असा निघाला की ज्यांचं सगळं ठरलेलं होतं, पण चाचपडणं झालेलंच नव्हतं. घरच्यांचं म्हणणं त्यांनी आपलं म्हणून उचललं होतं. अशी मुलं घरात भांडत नाहीत, म्हणून आई-वडिलांना ती सुज्ञ वाटतात. असं मूल घरच्या वाटेवर सुखी होऊही शकतं. पण अडचण आली, विषय जड गेले, तर ‘मी हे का घेतलं’ याचं स्वतःचं उत्तर त्याच्याजवळ नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला अचानक गप्प झालेल्या मुलांशी बोलताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

मग पालकांनी बाजूला व्हावं का? मुळीच नाही. युलिया डिट्रिश आणि बेर्बेल क्राके यांनी जर्मनीतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास करून २००९ मध्ये पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार वेगळे दाखवले: आधार, ढवळाढवळ आणि अलिप्तपणा. आधार मिळणारी मुलं जास्त शोधाशोध करत होती. ढवळाढवळ आणि अलिप्तपणा या दोन्हींचा संबंध मात्र निर्णय घेताना होणाऱ्या अडचणींशी होता. ‘तुझं तू बघ, आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ हे आपल्याकडे मोकळीक म्हणून सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला ते पुष्कळदा सोडून दिल्यासारखं लागतं.

पण सगळ्यात खोल परिणाम करतो तो पैसा, आणि पैशातून मिळणारा वेळ. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. सरकारी पतहमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी सही त्यांची असते. हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. ती तारीख डोळ्यांसमोर असली की मुलगा हाती आलेली पहिली ऑफर घेतो, तशीच परिस्थिती असलेला पण कर्ज नसलेला मित्र सहा महिने थांबून आवडीचं काम शोधतो. स्पर्धा परीक्षांत हेच उलट्या बाजूने दिसतं. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षांची वयोमर्यादा आणि सहा संधी आहेत; राज्यसेवेची मर्यादा ३८ पर्यंत जाते. पुण्यातल्या अभ्यासिकेचं भाडं आणि मेसचे पैसे घरून येत राहतात, आणि कुठे थांबायचं हे कोणीच बोललेलं नसतं. मला वाटतं, वेळ द्यावा, पण सुरुवातीलाच त्याची मुदत आणि दुसरी वाट दोघांनी मिळून ठरवावी. मध्येच, निकालाच्या दिवशी, ठरवलेली मुदत शिक्षेसारखी वाटते.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी वेगळा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फीचा अडसर दूर झाला, तरी ‘वसतिगृहात पाठवायचं का’ हा प्रश्न घरातच सुटतो. मुलीचं क्षेत्र पुष्कळदा तिच्या गुणांपेक्षा संध्याकाळच्या शेवटच्या एसटीवर ठरतं. हे बदलणं सरकारच्या हातात थोडं आणि बापाच्या हातात बरंच आहे.

एटीकेटी लागल्यावर घरातलं पहिलं वाक्य काय असतं, त्याचंही मोल मोठं. ‘फी वाया गेली’ ऐकलेलं मूल पुढच्या वेळी निकाल लपवतं, आणि मदत मिळायची वेळ निघून जाते.

राहिल्या ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरदारांना विचारलं की नोकरीची बातमी कोणाकडून कळली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. हा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं, म्हणून लांबची ओळख उपयोगी पडते. ज्या आई-वडिलांना ‘आमची कुठे ओळख नाही’ असं वाटतं, त्यांच्याकडेही एखाद्या लग्नात भेटलेला, चाकणच्या कारखान्यात काम करणारा जावई असतो, बचत गटातल्या बाईंची प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी असते. तो नंबर मिळवावा, एकदा फोन लावून द्यावा. दिवसभर काय काम असतं, पहिली नोकरी कशी मिळाली, कंटाळा कशाचा येतो, हे मग मुलाला विचारू द्यावं, आणि आपण त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावं.