एकाच घरातील दोन-तीन मुले महाविद्यालयात: राहण्या-जेवण्याचा खर्च आणि शैक्षणिक कर्ज (तंजावर जिल्ह्यातील कुटुंबांसाठी)

थोडक्यात

- वसतिगृह आणि मेसचा खर्च शैक्षणिक कर्जातच धरता येतो. त्यासाठी वेगळे कर्ज नाही.
- मोठ्या मुलाचे किंवा मुलीचे कर्ज चालू आहे, एवढ्या कारणावरून धाकट्याचा अर्ज बाद होत नाही.
- कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा शिकणाऱ्या मुलांच्या संख्येनुसार वाढत नाही.
- काही सवलती घरातील प्रत्येक मुलाला मिळतात, तर एक महत्त्वाची सवलत घरातील एकालाच मिळते. ती कोणाला घ्यायची हे प्रवेशाआधी ठरवा.

ही माहिती कोणासाठी आहे?

मोठी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, मुलगा यंदा बारावी पास आणि धाकटी त्याच्या मागोमाग, अशी स्थिती तंजावरातील अनेक घरांत आहे. अशा वेळी "मोठीचे कर्ज फिटू दे, मग धाकट्याचे बघू" असे ठरते आणि धाकट्याचे वर्ष वाया जाते. पुष्कळदा तो परत शिकायला जातच नाही. नियमांप्रमाणे असे थांबण्याची गरज नाही. तंजावर, कुंभकोणम, पट्टुकोट्टै या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नियम मराठीत कळावेत आणि कार्यालयात कानावर पडणारे तमिळ शब्दही ओळखता यावेत, यासाठी ही माहिती दिली आहे.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळे कर्ज मिळते का?

इंग्लंडसारख्या काही देशांत फीसाठी एक आणि निर्वाहासाठी दुसरे, अशी दोन कर्जे असतात. भारतात एकच शैक्षणिक कर्ज असते. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार त्यात पुढील खर्च धरता येतात:

- महाविद्यालयाची फी, परीक्षा, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचे शुल्क
- वसतिगृह व भोजनाचा खर्च
- पुस्तके, उपकरणे, गणवेश
- अभ्यासासाठी लागणारा संगणक
- प्रकल्प, अभ्यास-सहल यांसारखे अभ्यासक्रम पूर्ण करण्यास आवश्यक असलेले खर्च

बहुतेक कुटुंबे अर्जात फक्त फीचा आकडा लिहितात. मग दर महिन्याचा मेसचा खर्च दागिने गहाण ठेवून किंवा हातउसने घेऊन भागवावा लागतो. हे टाळण्यासाठी महाविद्यालयाकडून संपूर्ण अभ्यासक्रमाचे वर्षवार खर्चपत्रक घ्या. त्यात वसतिगृह आणि मेस या बाबी वेगळ्या दाखवायला सांगा. मूल खोली घेऊन बाहेर राहणार असेल, तर तो खर्च कोणत्या मर्यादेपर्यंत धरला जाईल हे बँकेत आधीच विचारा.

मोठ्याचे कर्ज चालू असताना धाकट्याला कर्ज मिळते का?

मिळते. एका कुटुंबाने किती शैक्षणिक कर्जे घ्यावीत यावर आदर्श योजनेत बंधन नाही. भावाचे किंवा बहिणीचे आधीचे कर्ज असले तरी दुसऱ्या मुलाची पात्रता कमी होत नाही. प्रत्येक मुलाचे कर्ज स्वतंत्र असते. विद्यार्थी कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात.

मात्र एक गोष्ट बँक नक्की पाहते. सहकर्जदार तेच असल्यामुळे मोठ्याच्या कर्जाचे हप्ते थकले असतील, तर ते पालकांच्या कर्ज-नोंदीत दिसतात आणि धाकट्याच्या अर्जात अडचण येते. म्हणून धाकट्याचा अर्ज भरण्यापूर्वी मोठ्याचे खाते नियमित करून घ्या. हप्ता भरणे खरोखरच शक्य नसेल, तर तो थकण्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा.

तारण आणि हमीदार

- ४ लाख रुपयांपर्यंत: तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही.
- ४ लाखांच्या वर: भारतातील शिक्षणासाठी ५ टक्के वाटा कुटुंबाने घालायचा असतो. मिळालेली शिष्यवृत्ती या वाट्यात धरता येते.
- ७.५ लाख रुपयांपर्यंत: केंद्र सरकारच्या कर्ज हमी निधीत बसणाऱ्या कर्जांना तारण किंवा त्रयस्थ हमीदार लागत नाही.
- ७.५ लाखांच्या वर: सर्वसाधारणपणे तारण मागितले जाते.

घराची कागदपत्रे एकाच मुलाच्या मोठ्या कर्जात अडकली, तर पुढच्या मुलासाठी हातात काही उरत नाही. म्हणून शक्य असेल तिथे प्रत्येक मुलाचे कर्ज ७.५ लाखांच्या आत राहील असे पाहा.

मुले तीन, उत्पन्न एकच

काही देशांत घरात शिकणारी मुले जास्त असतील, तर उत्पन्न मोजताना वजावट मिळते. आपल्याकडे तशी वजावट नाही. एक मूल शिकत असो वा तीन, उत्पन्नाचा आकडा तोच धरला जातो. व्याजाच्या सवलतीसाठी दोन मर्यादा लक्षात ठेवा.

*वार्षिक ४.५ लाख रुपयांपर्यंत:* केंद्रीय व्याज अनुदान योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष, एवढ्या मुदतीचे सगळे व्याज सरकार भरते. ही योजना मान्यताप्राप्त संस्थांमधील तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए. किंवा बी.एस्‌सी.ला ती लागू होत नाही. विद्यार्थ्याला हा लाभ एकदाच मिळतो. शिक्षण मध्येच सोडल्यास लाभ थांबतो.

*वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत:* ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच मुदतीत ३ टक्के व्याज सवलत मिळते. संस्था योजनेच्या यादीत असावी लागते आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश चालत नाही. केंद्र सरकारच्या संस्था या योजनेत येतात. तंजावरातील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्टेम, ही अशी संस्था आहे. इतर संस्थांची यादी राष्ट्रीय क्रमवारीनुसार दरवर्षी बदलते, म्हणून ती प्रवेशाच्या वर्षी पोर्टलवर पाहा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यास ही सवलत मिळत नाही.

व्याज अनुदानाने किती फरक पडतो? एक उदाहरण

समजा, मुलीने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाखांचे कर्ज घेतले. व्याजदर हिशेबापुरता १० टक्के धरू. शिकण्याच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षात सरळ व्याज लागते. या मुदतीला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात.

- या पाच वर्षांचे व्याज: सुमारे १,४०,००० रुपये
- अनुदान नसेल तर फेडायची रक्कम ५,४०,००० रुपये. १५ वर्षांसाठी हप्ता सुमारे ५,८०० रुपये
- पूर्ण व्याज अनुदान असेल तर फेडायची रक्कम ४,००,००० रुपये. हप्ता सुमारे ४,३०० रुपये

एका मुलामागे महिन्याला सुमारे १,५०० रुपयांचा फरक पडतो. दोन मुलांची अशी कर्जे असतील तर तो ३,००० रुपये होतो, आणि तोही १५ वर्षे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून अनुदान हुकले, तर नुकसान एवढे मोठे असते.

मोठीचे हप्ते सुरू होतील तेव्हा धाकटा अजून शिकत असेल. म्हणून कोणाचा हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होणार, हे सगळ्या मुलांचे एकाच कागदावर लिहून ठेवा.

कर्ज कमी करणाऱ्या राज्याच्या योजना

आधी सवलती घ्या आणि उरलेल्या खर्चापुरतेच कर्ज काढा.

*पुदुमै पेन:* सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना तामिळनाडूतील उच्च शिक्षण पूर्ण होईपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात. ही योजना ५ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. नंतर अनुदानित शाळांतून तमिळ माध्यमात शिकलेल्या मुलींनाही ती लागू झाली. एकाच घरातील दोन्ही-तिन्ही मुली पात्र असतील, तर प्रत्येकीला लाभ मिळतो. अर्ज महाविद्यालयामार्फत होतो.

*तमिळ पुदल्वन:* मुलांसाठी अशीच दरमहा १,००० रुपयांची योजना ९ ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे.

*७.५ टक्के आरक्षण:* सरकारी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला या आरक्षणातून अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च राज्य सरकार भरते. अशा मुलाला कर्जाची गरज फारच थोडी उरते.

*मुदल पट्टदारी, म्हणजे घरातील पहिला पदवीधर:* सरकारी समुपदेशनातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यास शिक्षण शुल्कात सवलत मिळते. ही सवलत घरातील एकाच मुलाला मिळते. घरात आधीच कोणी पदवीधर असेल, तर ती कोणालाही मिळत नाही. दोन भावंडे एकाच वेळी प्रवेश घेणार असतील, तर ज्याची फी जास्त आहे त्याच्यासाठी हा दाखला काढणे फायद्याचे ठरते.

*मागासवर्गीय शिष्यवृत्ती:* ब्राह्मणेतर मराठा, नामदेव मराठा धरून, तामिळनाडूच्या मागासवर्गीय यादीत आहेत. तुमचे कुटुंब यात येत असेल, तर जातीचा दाखला काढून महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात चौकशी करा.

मूल पुण्या-मुंबईला शिकायला जाणार असेल तर

शैक्षणिक कर्ज देशात कुठेही चालते. पुदुमै पेन आणि तमिळ पुदल्वन मात्र तामिळनाडूतील संस्थांपुरत्याच आहेत. महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्त्यांसाठी तिथला अधिवास लागतो. केवळ घरी मराठी बोलतो म्हणून त्या मिळत नाहीत. तामिळनाडूचा मागासवर्गीय दाखलाही महाराष्ट्राच्या आरक्षणाला चालत नाही. तेव्हा बाहेरगावी जाणाऱ्या मुलाच्या खर्चात या सवलती धरू नका.

अर्ज कसा करावा?

1. निकाल लागण्याआधीच ई-सेवै केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढा. तमिळमध्ये त्याला 'वरुमान सान्रिदळ' म्हणतात. तो महसूल खात्याकडून मिळतो. सगळ्या मुलांच्या अर्जांत उत्पन्नाचा आकडा एकच असावा.
2. प्रवेशपत्र आणि खर्चपत्रक मिळताच बँकेत अर्ज करा. पीएम विद्यालक्ष्मीचा अर्ज त्या योजनेच्या पोर्टलवर करावा लागतो.
3. सोबत आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पालकांच्या उत्पन्नाचा पुरावा आणि बँक पासबुक जोडा. आधीच्या मुलाचे कर्ज असेल तर त्याचे खाते-विवरणही जोडा.
4. अर्जाची पोच आणि तारीख घ्या.
5. मंजुरीपत्रात वसतिगृह व मेसची रक्कम धरली आहे का आणि व्याज अनुदानाचा उल्लेख आहे का, हे सही करण्याआधी पाहा.
6. प्रत्येक वर्षाचा निकाल आणि पुढच्या वर्षाची फी-पावती बँकेत वेळेवर द्या, म्हणजे पुढचा हप्ता सुटतो.

बँकेने नकार दिला तर

"घरात एक कर्ज आहेच" किंवा "तुमचे घर आमच्या शाखेच्या हद्दीत नाही" ही नकाराची योग्य कारणे नाहीत. दुसऱ्या कारणाबाबत रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सूचना दिली आहे. तोंडी नकार मिळाला तर कारण लेखी मागा. त्यानंतर या क्रमाने जा:

- बँकेचे विभागीय कार्यालय
- जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे व्यवस्थापक; जिल्हा प्रशासनाचे शैक्षणिक कर्ज मेळावे होतात तिथेही अर्ज नेता येतो
- बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. चौकशीसाठी दूरध्वनी १४४४८

कर्ज द्यावे की नाही हा निर्णय शेवटी बँकेचाच असतो. पण अर्ज घेण्यास नकार, विनाकारण विलंब किंवा कारण न देणे याविरुद्ध तुम्हाला तक्रार करता येते. तोपर्यंत दुसऱ्या बँकेतही अर्ज करा आणि मुलाचा प्रवेश सोडू नका.