तपासणीची चिठ्ठी आणि चालू गव्हाण



बेणे निवडायला प्लॉटवर गेलो की पुष्कळ सभासद म्हणतात, "साहेब, ऊस बघा की कसा काळाभोर हाय! ह्याला आणि कसली तपासणी?" अशा वेळी मला २०२० साल आठवते. त्या साली माणसांबद्दलही आपण असेच म्हणत होतो. "गडी धडधाकट दिसतोय, त्याला काय झालंय?" कोरोनाचे दिवस मागे पडले आणि त्यांनी शिकवलेले धडेही आपण विसरत चाललो आहोत. त्यातला एक धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. तो उसाच्या मळ्यालाही तितकाच लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

अडकलेल्या टोळ्या

२०१९ चा महापूर आणि काही भागांतला दुष्काळ यामुळे २०१९-२० चा हंगाम मुळातच तोकडा होता. राज्यात साखर कशीबशी साठ लाख टनांच्या आसपास झाली. हंगाम संपत आला असता २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. साखर जीवनावश्यक असल्याने ज्यांचे गाळप चालू होते त्या कारखान्यांना मुभा होती. पण ज्यांचा पट्टा पडला होता त्यांच्या तळावरच्या टोळ्या जागीच अडकल्या. काम संपलेले, गावाकडची वाट बंद. शेवटी १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने या मजुरांना घरी पाठवण्यास परवानगी दिली. त्या वेळी ३८ कारखान्यांच्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर होते.

जाण्यापूर्वी आरोग्य तपासणी करावी असा हुकूम होता. आपल्या तळावर ती मी डोळ्यांनी पाहिली. कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरायचे, खोकला आहे का विचारायचे, आणि नाव लिहायचे. यात विषाणूची तपासणी कुठेच नव्हती. आरोग्य खात्याच्या माणसांचा यात दोष नव्हता. तपासणीचे साहित्यच अपुरे होते.

तपासणी म्हणजे नेमके काय?

सुरुवातीला पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था हाच देशाचा मोठा आधार होता. नाकातला किंवा घशातला नमुना घ्यायचा, त्यातून विषाणूचे जनुकीय द्रव्य वेगळे काढायचे आणि यंत्रात त्याच्या कोट्यवधी प्रती करून ते आहे की नाही हे पाहायचे, ही आर.टी.-पी.सी.आर.ची रीत. तपासणी भरवशाची, पण प्रयोगशाळा हवी, कसबी माणूस हवा आणि वेळही हवा. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांना यासाठी जास्तीत जास्त ४,५०० रुपये घेण्याची मर्यादा घालून दिली होती. त्याच महिन्यात पुण्याच्या मायलॅबने तयार केलेल्या संचाला मान्यता मिळाली. जूनमध्ये राज्य शासनाने प्रयोगशाळेचा दर २,२०० रुपयांवर आणला.

साहित्य पुरवून वापरण्यासाठी एप्रिलमध्ये पाच नमुने एकत्र करून तपासण्याची युक्तीही निघाली. आपण पक्वता पाहताना पाच-दहा उसांचा रस एकत्र करून ब्रिक्स बघतो, तसेच काहीसे. एकत्र नमुना निगेटिव्ह आला तर पाचही जण मोकळे. पॉझिटिव्ह आला तर पाचही पुन्हा वेगवेगळे तपासायचे. जिथे रोगी थोडे तिथेच ही युक्ती परवडते.

स्वस्त आणि झटपट म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडली असेही नाही. परदेशातून आणलेले रक्तातील प्रतिपिंडे तपासण्याचे संच एप्रिल २०२० मध्येच सदोष निघाले आणि ते परत करावे लागले. पुढे १४ जून २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अँटिजेन तपासणीला मान्यता दिली. ही मात्र कामाची होती. अर्ध्या तासात जागेवर निकाल. तिचा नियम नीट ध्यानात ठेवावा असा होता. पॉझिटिव्ह आले तर ते खरे धरायचे. निगेटिव्ह आले आणि अंगात लक्षणे असली, तर तेवढ्यावर न थांबता आर.टी.-पी.सी.आर. करायची.

दुकाने उघडली ती कशी

जूनपासून राज्यात 'मिशन बिगिन अगेन' सुरू झाले. खासगी कार्यालयांत आधी दहा टक्के माणसे, बाजारपेठेत एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची दुकाने तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची. जुलैमध्ये औरंगाबाद शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १० ते १८ तारखेपर्यंत कडक टाळेबंदी होती. ती उठण्याआधी भाजीवाले, किराणा दुकानदार अशा रोज शेकडो गिऱ्हाइकांशी संबंध येणाऱ्यांची अँटिजेन तपासणी करून घेतली. आधी तपासणी, मग दुकान, असा तो क्रम होता. त्यामुळे वरवर धडधाकट दिसणारे, पण रोग अंगात असलेले लोक वेळीच बाजूला काढता येत होते.

कारखान्याची गोष्ट दुकानाहून अवघड होती. दुकान आठ दिवस बंद राहिले तर माल फळीवर राहतो. ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटते, उतारा घटतो आणि पुढच्या पिकाचे रानही अडकून पडते. २०२०-२१ चा हंगाम १५ ऑक्टोबर २०२० पासून सुरू करायचे ठरले. ऊसही भरपूर होता. पुढे त्या हंगामात राज्यात १९० कारखाने चालले आणि साखर शंभर लाख टनांच्या वर गेली. म्हणजे ज्या साली हजारो टोळ्या जिल्हे ओलांडून येणार, त्याच साली रोगाची साथ भरात होती.

माझी चूक

आपल्याकडे टोळ्या आल्या तेव्हा तळावर अँटिजेन तपासणीचे शिबिर झाले. शेती खात्यातल्या आम्हा सर्वांचीही तपासणी झाली. माझी चिठ्ठी निगेटिव्ह आली. ती मी घडी करून खिशात ठेवली, जणू हंगामभराचा परवानाच!

तिसऱ्या दिवशी घसा खवखवू लागला. तोडणीचा प्रोग्रॅम बसवायचा होता. गट ऑफिसात चिटबॉय आणि क्लार्क यांच्यासह दार लावून आम्ही अर्धा दिवस बसलो. एकाने विचारलेही, "साहेब, आवाज बसलाय जणू?" मी खिशातली चिठ्ठी काढून दाखवली. लक्षणे असतील तर पुन्हा तपासा, हा नियम टोळ्यांना मीच वाचून दाखवला होता. स्वतःला मात्र लावला नाही.

दोन दिवसांनी माझी आर.टी.-पी.सी.आर. पॉझिटिव्ह आली. पाठोपाठ क्लार्क आणि चिटबॉय आजारी पडले. चिटबॉयच्या वडिलांना ऑक्सिजन लावावा लागला. तीन आठवड्यांनी ते घरी आले, पण अजून बांधाचा चढ चढताना मध्येच थांबतात. गट ऑफिस बंद, प्रोग्रॅम विस्कटला. वीस गुंठ्यांचा खोडवा असलेल्या एका सभासदाची पाळी हुकली आणि त्याचा गहू टळला. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण त्याच्या बांधावरून जाताना माझी मान खाली जाते.

चूक तपासणीची नव्हती. संसर्ग झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस तपासणीत बहुधा काही सापडतच नाही. चिठ्ठी त्या दिवसापुरतीच बोलते. उद्याची हमी तिच्यात लिहिलेली नसते.

मुकादमाचा प्रश्न

मी कामावर परतल्यावर एका फडात एक बाई मोळ्या बांधताना थरथरत असलेली दिसली. मुकादमाला विचारले, तर म्हणाला, "काय नाही साहेब, रातीचं जागरण झालंय." अंगात ताप होता हे उघड होते. मी रागावलो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तपासणी तुमची फुकट हाय, पर कोयता बंद पडला तर बसून खायचं कुणाच्या जिवावर? उचल तर आमच्या डोक्यावर तशीच ऱ्हातीय."

त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाला वेगळे ठेवले की दोघांचीही मजुरी थांबते. जो तपासणीला येईल त्याचीच चूल विझणार असेल, तर तो कशाला येईल? तो ताप लपवणार, आणि मग एका कोयत्याच्या जागी अख्खी टोळी झोपणार.

हे मी मा. चेअरमनसाहेबांच्या कानावर घातले. बैठकीत खर्चावरून चर्चा झाली, आणि ती व्हायलाही हवी होती, कारण पैसा सभासदांचा. पण हिशेब साधा होता. एका कोयत्याचे दहा दिवस सोसायचे की सगळ्या टोळीचे? शेवटी ठरले की वेगळ्या ठेवलेल्या कोयत्याला शिधा आणि रोजची ठरावीक रक्कम द्यायची, ती उचलीत धरायची नाही, आणि गोडाऊनशेजारच्या जुन्या चाळीत पाण्याची सोय करून त्यांना ठेवायचे. चार दिवसांत फरक दिसला. लोक आपण होऊन सांगू लागले. "साहेब, पोराला कणकण वाटतीय, बघता का?" यंत्र तेच, डॉक्टर तेच, नियमही तेच. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही एवढीच एक गोष्ट नवी होती. गव्हाण चालू राहिली ती या एका गोष्टीमुळे, असे माझे मत आहे.

आता उसाकडे वळू

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण उसातल्या पिवळ्या पानांच्या रोगाचा विषाणूही याच आर.टी.-पी.सी.आर.ने तपासतात. या रोगात पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी पडते, पुढे पान शेंड्याकडून वाळते आणि वाढ्याजवळची कांडी आखूड राहतात. पण लागणीनंतर पहिले सहा महिने बहुधा काहीच दिसत नाही. तोवर मावा हा विषाणू शेजारच्या उसात नेतो, आणि आपण तोच 'काळाभोर' ऊस बेण्यासाठी तोडून पाहुण्यांच्या गावाला धाडतो. उष्ण प्रक्रियेने गवताळ वाढीला आळा बसतो, हा विषाणू मात्र तिने जात नाही. त्यासाठी वाढबिंदूपासून केलेली उती संवर्धित रोपे आणि त्यांची तपासणी हाच मार्ग. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची अशी रोपे आणून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे मळे करतात, ते याचसाठी.

इथेही मुकादमाचाच प्रश्न येतो. बेणे प्लॉटात पिवळी शीर दिसली तर प्लॉट नापास होईल, बेण्याचा भाव जाईल, या भीतीने सभासद गप्प बसतो. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१) बेण्यासाठी नापास झालेला ऊस गाळपासाठी नापास होत नाही. त्याची नोंद कायम राहते आणि पाळी येताच तो गव्हाणीत येतो. मात्र त्याचा खोडवा ठेवू नये.

२) बेणे प्लॉटाची एकदाच पाहणी करून भागत नाही. सहा महिन्यांनंतरची पाहणी टाळू नये. पहिली 'पास' चिठ्ठी शेवटपर्यंत पुरत नाही.

३) बेणे दर तीन वर्षांनी बदलावे.

४) तळावरच्या टोळीत कुणी आजारी असेल तर ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने गट ऑफिसला कळवावे. "माझी तोड थांबेल" म्हणून लपवू नये.

५) आजारी कोयत्यासाठी २०२० साली केलेली सोय कायमची व्हावी, अशी शेती खात्याची संचालक मंडळाला विनंती आहे. वार्षिक सभेत सभासदांनी या विषयावर आपले मत जरूर मांडावे.

साथ पुन्हा कधी येईल हे कुणी सांगावे? पण आली तर यंत्रे आणि औषधे आधीपेक्षा लवकर मिळतील. खरे सांगणाऱ्याला आधार द्यायचा की शिक्षा, हे मात्र यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. तेवढे ठरले असेल, तर कारखाना उघडताना आपला वेळ वाया जाणार नाही.



आपला,
ऊस विकास अधिकारी