चुलीची देवी आणि सहा मुली

ग्रीक देवांची नावं सांगा म्हटलं तर तुम्ही कोणती सांगाल? झ्यूस, अपोलो, अथेना... ‘गॉड ऑफ वॉर’ खेळत असाल तर एरीजसुद्धा. हेस्टियाचं नाव मात्र क्वचितच कुणी घेईल. बिचारीच्या नावावर गोष्टीच नाहीत फारशा. ना युद्ध, ना लफडी. पोसायडन आणि अपोलो, दोघांनी मागणी घातली. हिने झ्यूसच्या डोक्याला हात लावून शपथ घेतली की लग्नच करणार नाही. विषय संपला!

पण मान बघा. हेस्टिया घरातल्या चुलीची देवी, त्यामुळे नैवेद्यातला पहिला वाटा तिचा. बाळ जन्मलं की काही दिवसांनी त्याला चुलीभोवती फिरवायचे, मग ते घरातलं झालं. शहराचीही एक चूल असायची. समुद्रापार नवी वसाहत करायला निघालेले लोक तिथलाच विस्तव सोबत न्यायचे.

रोममध्ये हाच मान व्हेस्टाला. तिच्या गोल देवळात मूर्ती नव्हती, फक्त सतत पेटता अग्नी. तो सांभाळायला सहा जणी, म्हणजे व्हेस्टल. त्यांना निवडायचे सहा ते दहा वर्षांच्या असताना! आपण त्या वयात पाढे पाठ करत होतो. पुढची तीस वर्षं ब्रह्मचर्य: दहा वर्षं शिकायचं, दहा वर्षं सेवा, दहा वर्षं नव्या मुलींना शिकवायचं. नंतर लग्नाची मुभा होती, पण फार कमी जणींनी केलं.

आता वाटेल, किती अन्याय! पण इतर रोमन बायकांना नव्हतं ते यांना होतं. डोक्यावर पुरुष पालक नाही, स्वतःचं मृत्युपत्र करता येई. फाशीला नेणारा कैदी वाटेत योगायोगाने व्हेस्टलला भेटला, तर त्याचा जीव वाचायचा.

स्वतःचा जीव मात्र त्यांच्या हातात नव्हता. अग्नी विझला तर फटके. ब्रह्मचर्य मोडल्याचा ठपका आला तर जिवंत पुरणं. जमिनीखालच्या खोलीत खाट, दिवा, थोडा पाव, पाणी, दूध, तेल ठेवायचे. म्हणजे उपाशी मारलं असं कुणी म्हणायला नको! इ.स.पू. 216 मध्ये हॅनिबलने कॅनीला रोमन फौजेचा धुव्वा उडवला, त्याच वर्षी ओपिमिया आणि फ्लोरोनिया या दोघींवर ठपका आला. एकीला पुरलं, दुसरीने जीव दिला. लढाई हरले सेनापती, आणि शहराने पाप शोधलं ते देवळात.

सम्राट डोमिशियनच्या काळात मुख्य व्हेस्टल कॉर्नेलियावर आरोप झाला. खटला तिच्या गैरहजेरीत चालला, तिचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. धाकटा प्लिनी पत्रात लिहितो की, खाली उतरताना तिचं वस्त्र अडकलं, मारेकऱ्याने आधाराला हात पुढे केला, तर ती झटकन मागे सरली. त्याचा स्पर्शही नको! ती निर्दोष होती का, हे प्लिनी ठामपणे सांगत नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अग्नी कायमचा विझला. रोमच्या फोरममध्ये व्हेस्टलांच्या घराचे अवशेष आजही दिसतात, अंगणात त्यांचे पुतळे उभे आहेत. इ.स. 364 च्या एका चौथऱ्यावर एका मुख्य व्हेस्टलची, तिच्या शुचितेची आणि धर्मविधींच्या ज्ञानाची तोंडभर स्तुती कोरलीय. नाव मात्र कुणीतरी खरवडून काढलंय. उरलंय फक्त पहिलं अक्षर, ‘सी’.