बेडकाची शिल्लक

न्हाणीघराच्या मोरीत किंवा अंगणातल्या कुंडीखाली बसलेला बेडूक मुलाने मुठीत पकडला, की पुष्कळदा एकच गोष्ट घडते. बेडूक मुलाच्या तळहातावर पाणी सोडतो, मूल किंचाळून त्याला टाकते आणि आतून आजी ओरडते, ‘‘हात धू आधी, चामखीळ येईल!’’ चामखीळ येत नाही. तो विषाणूचा उद्योग, बेडकाचा त्यात काही संबंध नाही. हात मात्र जरूर धुवावेत. पण या सगळ्यात नुकसान कोणाचे झाले, हे कोणी विचारत नाही. नुकसान बेडकाचे झालेले असते. जिवाच्या भीतीने त्याने आपली शिल्लक मोडलेली असते.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे शिल्लक हा शब्द मी जपून वापरतो. इथे तो नेमका बसतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर बसल्या बसल्या पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना त्याची गडद तांबडी, चपटी, लांबट मूत्रपिंडे असतात. आपली मूत्रपिंडे पाण्याच्या बाबतीत काटकसरी. गरज पडली की लघवी दाट करून पाणी वाचवतात. बेडकाच्या मूत्रपिंडांना ही कला साधलेली नाही. त्याची लघवी रक्तापेक्षा दाट होऊच शकत नाही. मग उन्हाळ्यात तो तगतो कसा?

त्याचे उत्तर त्याच्या मूत्राशयात आहे. पातळ पडद्याची ही दुपदरी पिशवी म्हणजे त्याचे बचत खाते. तिच्यात साठलेली लघवी बहुतांशी पाणीच असते. भोवतालची ओल आटली, की मेंदूखालच्या ग्रंथीतून निघालेले संप्रेरक हुकूम देते आणि पिशवीतले पाणी पुन्हा रक्तात परतते. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागात एक बेडूक जमिनीखाली स्वतःच्याच टाकलेल्या कातडीचे वेष्टन पांघरून महिनोन् महिने पडून राहतो, तो याच ठेवीवर. तिथले आदिवासी अवर्षणात असे बेडूक उकरून, त्यांना दाबून निघणाऱ्या पाण्यावर तहान भागवत. आपण ज्याला घाण म्हणून हात झटकतो, त्यावर माणसेही जगली आहेत.

आता थोडे नाजूक प्रकरण. मुलांनी विचारले तर विषय बदलू नये, म्हणून सांगतो. नराची पिवळसर, लांबट गोल वृषणे मूत्रपिंडांना लागूनच असतात. त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या थेट मूत्रपिंडात शिरतात आणि पुढे लघवी व शुक्रजंतू एकाच नळीने बाहेर पडतात. मादीचा हिशेब मात्र वेगळा. तिच्या अंडाशयांचा मूत्रपिंडांशी व्यवहार नाही. अंडी आधी पोटाच्या पोकळीत उतरतात, मग नागमोडी अंडवाहिनीत शिरतात, तिथे त्यांना चिकट आवरण मिळते आणि स्वतंत्र वाटेने ती शेवटपर्यंत येतात. शेवटी मात्र दोघांच्याही विष्ठा, लघवी आणि बीज या तिन्ही खात्यांचे दार एकच, अवस्कर. सरकारने एक खिडकी योजना आणण्याच्या कितीतरी आधीपासून ती बेडकाकडे चालू आहे.

पावसाळ्यात नर मादीच्या पाठीवर बसून तिला बगलेत घट्ट धरतो. ती पाण्यात शेकडो, हजारो अंडी सोडते, तो वरून शुक्रजंतू सोडतो. फलन बाहेर, पाण्यात. हे सिद्ध करायला अठराव्या शतकात स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने नर बेडकांना चक्क मेणकापडी चड्ड्या शिवून घातल्या! अंडी कोरडीच राहिली, एकही वाढले नाही. चड्डीत सापडलेले थेंब लावले, तेव्हा मात्र अंड्यांत जीव धरला.

लघवी आणि शुक्रजंतू एकाच वाटेने येतात, या गोष्टीचा माणसाने पुढे मोठा उपयोग करून घेतला. १९४७ मध्ये अर्जेंटिनातल्या कार्लोस गॅली मैनीनी या डॉक्टरने दाखवून दिले, की गर्भवतीची लघवी नर भेकाला टोचली, तर काही तासांतच त्या भेकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसू लागतात. आधी दक्षिण आफ्रिकेत लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या प्रयोगांतून तिथल्या मादी बेडकावरची चाचणी आली होती. ती मादी दिवसभरात अंडी घालून ‘होय’ म्हणायची. त्यापूर्वी अशा चाचणीसाठी उंदीर किंवा ससे मारावे लागत. बेडूक मात्र उत्तर देऊन जिवंत राही आणि काही दिवसांनी पुन्हा कामाला येई. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीपट्ट्या येण्याआधी कित्येक घरांतली गोड बातमी प्रथम बेडकाला कळलेली आहे.

त्या उपकाराची फेड आपण कशी केली? वर्षानुवर्षे कॉलेजांतल्या मेणाच्या ट्रेमध्ये हीच मूत्रपिंडे आणि वृषणे टाचण्यांनी टोचून दाखवली. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन थांबवायला सांगितले, हे बरे झाले. पण ट्रेमधून सुटलेल्या बेडकाला बसायला ओली जागा हवी ना! जो कातडीने पाणी पितो, तो त्या पाण्यातली कीटकनाशके आणि साबणही पितो. ज्याच्या अंड्याला कवच नाही, त्याच्या संसाराला डबके हवे, आणि तेही पिलांना पाय फुटेपर्यंत टिकणारे.

सोसायटीच्या आवारात फरशा बसवण्याचा ठराव पुढच्या सभेत येईल, तेव्हा एक कोपरा मातीचा ठेवा, असे कोणीतरी सुचवावे. चार घरांतले लोक हसतील. हसू देत. फरशीवर बसून बेडकाला पाणी पिता येत नाही, आणि ज्या खात्यात भरणाच होत नाही, ते किती दिवस चालणार?